दानव्वा, तूच काढ

भीमाशंकरच्या घरात कसलंही कार्य असो, कुणाचं नाव ठेवायचं असो की कुणाची ओटी भरायची असो, एक वाक्य ठरलेलं असायचं. मंडळी ओळीनं उभी राहायची, बायका पदर सारखे करायच्या, पुरुष पोट आत ओढायचे आणि मग कुणीतरी म्हणायचं, "दानव्वा, तूच काढ. तुला जमतंय." की दानेश्वरी निमूट कॅमेऱ्याच्या मागं. हे 'तुला जमतंय' म्हणणं मोठं लबाड असतं बघा. ज्याला जमतं त्याच्या गळ्यात काम, आणि ज्यांना काही म्हणता काही जमत नाही ते ऐटीत फोटोत.

दानेश्वरी ही भीमाशंकरची धाकटी बहीण. लग्न करून दिली होती, दीड वर्षात परत आली. का आली ते तिनं कुणाला सांगितलं नाही, म्हणून लोकांनी आपापल्या सोयीचं कारण ठरवून टाकलं. तेव्हापासून सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत ती आणि तिची आई चंद्रव्वा, दोघीच. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन. ब्लाऊज शिवायचे, साड्यांना फॉल लावायचे, पिको करायचं आणि मधेमधे उठून आईचं बघायचं. भाऊ दुधनीला. तिथं त्याची आडत, वर मजला चढवलेलं घर, बायको धनलक्ष्मी, मुलंबाळं. आई मात्र बहिणीकडं. "अव्वाला सोलापुरातच करमतंय," असं तो चारचौघांत सांगायचा. चंद्रव्वाला कुणी विचारलं नव्हतं.

कॅमेरा भीमाशंकरनंच घेतलेला. बारा-तेरा वर्षांमागची गोष्ट. तेव्हा आपल्यासारख्यांच्या फोनमधले फोटो म्हणजे नुसता चिखल, आणि घरात डिजिटल कॅमेरा असणं म्हणजे मिरवायची गोष्ट होती. थोरल्या मुलीच्या साखरपुड्याला म्हणून त्यानं तो आणला, दोन दिवस गळ्यात घालून हिंडला, पंचवीस फोटो काढले. त्यातले बावीस हललेले, आणि एकात त्याचंच बोट. मग सोलापूरला आला तेव्हा त्यानं तो बहिणीपुढं ठेवला. "घे. सुईत दोरा ओवतीस, हेबी जमंल तुला. कार्याला येताना तेवढा घेऊन यायचा." म्हणजे कॅमेरा दिला तो तिचे फोटो निघावेत म्हणून नव्हे. एवढं लक्षात ठेवा.

सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती. दानेश्वरी दहावी पास, पण त्या इंग्रजीपुढं दहावी काय करणार. तिनं चित्रांवरूनच शिकून घेतलं. वरच्या गोल चकतीवर बारीक बारीक खुणा होत्या. बाईचं डोकं म्हणजे चेहरा जवळून, डोंगर म्हणजे लांबचं, फूल म्हणजे अगदी नाकाजवळचं, पळणारा माणूस म्हणजे जे हलतंय ते. फूल लावून तिनं ब्लाऊजच्या गळ्यांचे फोटो काढले. गिऱ्हाइकं ते बघून गळा ठरवायला लागली. पळणारा माणूस लावून तिनं गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेत नाचवत नेलेले उंच नंदीध्वज टिपले, एकही हललेला नाही. फ्लॅश कुठं लावायचा, कुठं बंद ठेवायचा, उजेड कमी असला तर कोपर चौकटीला टेकवून श्वास कसा धरायचा, सगळं तिला आलं. जसजसं येत गेलं, तसतशी ती फोटोतून पक्की बाहेर पडली.

तीन अल्बम भरले. साखरपुडा, लग्न, बारसं. एका दुपारी चंद्रव्वानं तिन्ही मांडीवर घेतले आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत बघितले.

"तू कुटं हाईस गं ह्यात?"

"मी काढायलेय की, अव्वा."

"व्हय, ते खरं. पन मागनं लोक काय म्हनतील? चंद्रव्वाला एक पोरगाच हुता म्हनतील." म्हातारीनं अल्बम मिटला. "आपल्या दोघींचा एक काढ. माझ्याजवळ बसलेली दिसायला पायजेस तू."

दानेश्वरीला ते लागलं. तिनं आत्तापर्यंत कधी 'मलाही घ्या' म्हटलं नव्हतं. मनात होतं, पण परत आलेल्या बाईनं कशाकशासाठी तोंड उघडायचं? आईनं म्हटल्यावर मात्र तिला तो फोटो हवाच झाला. बाकी तिला आयुष्याकडून फार काही येणं नव्हतंच. हा एक फोटो तेवढा हवा होता.

कॅमेऱ्याला घड्याळाची खूण असलेलं एक बटण होतं. ते दाबलं की दहा सेकंदांनी फोटो आपोआप निघायचा. तिनं मशीनवर रिळांचा डबा ठेवला, डब्यावर कॅमेरा, बटण दाबलं आणि धावत जाऊन खाटेवर आईशेजारी बसली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

"ते काय करायलंय?" चंद्रव्वानं विचारलं.

"दहा मोजतंय."

"कुठल्या भाषेत?"

"गप बस की अव्वा, फोटो निघायलाय."

पण गप बसेल ती चंद्रव्वा कसली. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, आकडे कानडीतच यायचे. तिनं स्वतःच मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. आणि बरोबर 'ओंबत्तु'ला, म्हणजे नवाला, कॅमेरा वाजला. फोटोत दानेश्वरी नीट, ताठ. शेजारी म्हातारीचा जबडा वासलेला, दात नसलेल्या हिरड्या आणि ओठांचा चंबू. दोघी पोट धरून हसल्या. आणि मग दानेश्वरीनं तो फोटो पुसून टाकला. "पुन्यांदा नीट काढू."

तशी शिवणकामातल्या माणसाची ही खोडच. एक टाका तिरका गेला की सगळी शिवण उसवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या, पुन्हा ओंबत्तुला तोंड उघडं. पुसला. आठवड्यानं पुन्हा. पुसला. चौथ्या वेळी म्हातारी सातापर्यंत गप राहिली आणि मग राहवेना म्हणून "येंटु, ओंबत्तु" करून मोकळी झाली. तोही पुसला. आज कुणी तिला विचारावं की बाई, त्या वासलेल्या तोंडाचं काय खटकत होतं तुला? ती काही सांगणार नाही, मान खाली घालील.

मग तिला त्याच बटणात तिसरी एक खूण सापडली. पहिली दहा सेकंदांची, दुसरी दोन सेकंदांची, आणि तिसरं हसरं तोंड. ते लावलं की कॅमेरा आकडे मोजत बसत नाही. समोरचं कुणीतरी दात दाखवून हसेपर्यंत नुसता वाट बघत राहतो, आणि हसलं रे हसलं की फोटो. दानेश्वरीला वाटलं, हे बरं. मोजणं नाही, म्हणजे अव्वाचं ओंबत्तु नाही. तिनं आईला समजावून सांगितलं.

"दात पायजेत त्याला?" चंद्रव्वा म्हणाली. "मग दुसरी म्हातारी बघ म्हनावं," आणि तिनं पदर ओढून नाकापर्यंत तोंड झाकून घेतलं. दानेश्वरीला फिसकन हसू आलं. कॅमेरा टपलेलाच होता, लगेच वाजला. फोटोत हसणारी दानेश्वरी आणि शेजारी एक पदर. आईचं तोंडच नाही तर तो फोटो ठेवून काय करायचं? पुसला.

"उद्या काढू," चंद्रव्वा म्हणाली. "उद्या गप बसते. तुझी शप्पत."

उद्या तिला ताप भरला. मग सरकारी दवाखाना झाला, खासगी झाला, घरी आणलं. आजारी माणसाचा फोटो कोण काढतं? कॅमेरा कपाटात गेला. एकविसाव्या दिवशी, फाल्गुनातल्या एका सकाळी, दानेश्वरी चहाची बशी आईच्या ओठाला लावत असताना चंद्रव्वानं बशीतल्या चहाकडं बघितलं आणि ती गेली.

लिंगायतांमध्ये मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालतात, नवं नेसवतात, कपाळभर विभूती लावतात, तळहातात इष्टलिंग ठेवतात आणि भिंतीला टेकवून बसवतात. माणूस बसल्या बसल्याच विमानात चढतं. विमान म्हणजे झेंडूनं सजवलेली पालखी. आणि त्याआधी घरचे एकेक करून त्याच्याजवळ बसून फोटो काढून घेतात. तो शेवटचा. त्यानंतर त्या माणसाबरोबर फोटो नाही.

दुपारपर्यंत दुधनीची माणसं आली, वळसंगहून चंद्रव्वाची धाकटी बहीण नागव्वा आली, गल्ली भरली. कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला बोलवावं का, असं शेजारच्यानं विचारलं. भीमाशंकर म्हणाला, "कशाला? दानव्वा हाय की."

आई दोघांची गेली होती. त्यातला एक पुढं बसला आणि दुसरीला म्हणाला, काढ. आणि ती तरी काय बाई म्हणावी, तिनं पदरानं डोळे पुसले, हात धुतले आणि कपाटातून कॅमेरा काढला. आधी आईजवळ जाऊन तिनं हनुवटीखाली बांधलेली पट्टी पदराआड सारली, मान जराशी उजवीकडं कलत होती ती सरळ केली. फ्लॅश लावला असता तर विभूती पांढरीफट चमकली असती, म्हणून बंद ठेवला. कोपर दाराच्या चौकटीला टेकवलं. कॅमेऱ्यानं समोर चेहरा बघितला की तो त्याच्याभोवती पिवळा चौकोन धरतो. त्याला जितं-मेलेलं काय कळणार. त्यानं चंद्रव्वाच्या तोंडाभोवती रोजच्यासारखा चौकोन धरला. दानेश्वरीचा श्वास तिथं जो अडकला, तो तसाच धरून तिनं पहिला फोटो काढला.

भीमाशंकर आणि धनलक्ष्मी. मग मुलगी-जावई. मग धाकटा आणि त्याची बायको. मग दुधनीचे आडतीवरचे दोघं, का ते देव जाणे. नागव्वानं बहिणीच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की खोलीतल्या सगळ्या बायका पुन्हा रडल्या. धनलक्ष्मीनं बारा वर्षांत सासूला एक वेळ जेवू घातलं नव्हतं. तिनं सासूच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि हुंदका दिला.

"वैनी, डोळं मिटलं तुमचं," दानेश्वरी म्हणाली.

"मग परत काढ की," धनलक्ष्मी म्हणाली आणि पदर सारखा करून पुन्हा रडायला लागली.

एक्केचाळीस फोटो झाले. दानेश्वरीनं त्या दिवशी आपली आई बघितली ती त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर. मग तिनं कॅमेरा खाली घेतला. "अण्णा, आता माझा एक."

"आता?" भीमाशंकर म्हणाला. "विमान दारात येऊन उभं हाय. स्वामी थांबलेत."

"एकच."

"अन काढनार कोन?"

कुणी हात पुढं केला नाही. "मला बाई त्यातलं काय कळत न्हाई," असं धनलक्ष्मी सगळ्यांच्या वतीनं म्हणाली. बारा वर्षांत कुणालाच ते बटण दाबायला शिकावंसं वाटलं नव्हतं.

"टायमर हाय त्याला. दहा सेकंद."

"मग आवर लौकर."

तिनं रिळांचा डबा मशीनवर ठेवला, त्यावर कॅमेरा, घड्याळाचं बटण दाबलं. डोळे भरलेले होते, पडदा नीट दिसत नव्हता. आणि त्या कॅमेऱ्याची रीत अशी की मागच्या वेळी जे निवडलं असेल तेच तो आधी पुढं करतो. तिनं न बघता होय म्हटलं आणि धावत जाऊन आईच्या डाव्या बाजूला बसली. खांद्यावर हात ठेवला. साडीतूनसुद्धा तो खांदा थंड लागला. समोर लाल दिवा लागला.

ती मनात मोजायला लागली. कशी कोण जाणे, कानडीतच. ओंदु, एरडु, मूरु. कॅमेऱ्यामागं तीस-चाळीस माणसं उभी, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. ओंबत्तु. हत्तु. कॅमेरा वाजला नाही. तिनं अजून पाच मोजले. दिवा तसाच, घाई न करता, लुकलुकत होता. आणि तिच्या लक्षात आलं. हसरं तोंड. मागच्या वेळी, अव्वानं पदर ओढला होता तेव्हा, तेच लावलेलं होतं.

"झालं का?" भीमाशंकरनं विचारलं.

"न्हाई झालं."

"दहा कवाच झालं की. मी मोजलं."

"अण्णा, जरा थांब."

"किती थांबायचं गं? ऊन उतरायलंय." त्यानं दाराकडं हात केला आणि चार माणसं चपला काढून आत आली. चंद्रव्वाला उचलायला.

उठून बटण बदलायला गेली असती तर ती परत तिथं बसू शकली नसती. एवढं तिला आपल्या भावाबद्दल कळत होतं. पुढचा फोटो नव्हता. 'उद्या काढू' म्हणणारी नव्हती. चौघांतला एकजण वाकून पाटाला हात घालत होता. कॅमेऱ्याला दात हवे होते. तिनं ओठ फाकवून बघितले. नुसत्या ओठ फाकवण्याला तो यंत्र असूनही फसला नाही. तिनं डोळे त्या लाल दिव्यावर ठेवले, आणि तिला ते तोंड आठवलं. ओंबत्तुचं. तो चंबू, त्या हिरड्या, 'दुसरी म्हातारी बघ म्हनावं.' आणि दानेश्वरी हसली. आईच्या मढ्याशेजारी, खांद्यावर हात ठेवून, चाळीस माणसांसमोर, सगळे दात दिसतील अशी खरीखुरी हसली.

कॅमेरा वाजला.

खोलीतलं रडणं थांबलं. नागव्वा तेवढी म्हणाली, "अगं, हसायलीस व्हय?" चौघांनी चंद्रव्वाला उचललं. भीमाशंकरनं मशीनवरचा कॅमेरा उचलून खिशात घातला.

पाचव्या दिवशी दुधनीला गणाराधना, म्हणजे गेलेल्याच्या नावानं जंगम स्वामींना जेवू घालायचं कार्य होतं. जंगमांची पंगत उठली, घरच्यांची जेवणं झाली आणि भीमाशंकरनं स्टुडिओतून छापून आणलेले फोटो सतरंजीवर काढले. हातोहात फिरले. "छान आलेत", "अगदी बसलेल्यागत दिसतीया" असं चाललं होतं. शेवटच्या फोटोला हात थबकायला लागले. ज्याच्या हातात तो जाई तो बघून पुढच्याला देई. दानेश्वरी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिला हाक मारली गेली.

फोटो नीट आला होता, हेच त्याचं वाईट. चंद्रव्वाचा चेहरा शांत, मान सरळ, खिडकीतला तिरपा उजेड गालावर. आणि तिला बिलगून दानेश्वरी, दिवाळीला काढल्यासारखी हसतेय.

"बारा वर्षं केलं बिचारीनं," धनलक्ष्मी म्हणाली. "कंटाळली असंल. सुटले म्हनून आलं असंल हसू."

"वैनी, तसं न्हाई. तो कॅमेराच तसा हाय. हसल्याबिगर फोटो काढत न्हाई तो."

"आमचा बरा काढला रडताना."

"ते साधं हुतं. माझ्या वेळंला दुसरं लागलं चुकून." कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. दानेश्वरीच्या मनगटांना अजून भांड्यांची राख होती. "दाखवते. अण्णा, दे तो कॅमेरा."

तिनं तो कोनाड्यात ठेवला, हसरं तोंड लावलं आणि बाजूला झाली. "आता कुनी हसल्याबिगर फोटो निघनार न्हाई. बघा."

सगळे कॅमेऱ्याकडं बघत बसले. सुतकी तोंडं करून. लाल दिवा लुकलुकत होता. एक मिनिट गेलं. "न्हाई निघाला तर न्हाई निघाला, त्यात बघायचं काय?" असं एक जावई म्हणाला. कुणीच हसेना, आणि कुणी हसल्याशिवाय तिचं खरं ठरेना. दानेश्वरीला वाटलं आपणच पुढं जाऊन हसावं, पण त्या खोलीत पुन्हा एकदा हसायची तिची छाती झाली नाही.

तेवढ्यात धनलक्ष्मी शेजारणीच्या कानाला लागली, काहीतरी पुटपुटली आणि दोघींना हसू फुटलं. कॅमेरा वाजला. दानेश्वरीनं तो झडप घालून उचलला आणि नागव्वापुढं धरला. "मावशी, बघ. बघ की."

नागव्वानं बघितलं. तिनं पुढच्याला दाखवलं. पडद्यावर धनलक्ष्मीचे पिवळट दात स्वच्छ दिसत होते. आता कुणाला कळायचं राहिलं नव्हतं. धनलक्ष्मी उठून पान आणायला आत गेली. भीमाशंकरनंही बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि कॅमेरा मांडीवर पालथा ठेवला.

"ते कॅमेऱ्याचं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तू हसलीस का न्हाई, तेवढं सांग."

"हसले."

"मग झालं."

"अव्वा आठवली मला, अण्णा."

"शेजारी बसली हुती की. आठवायला काय झालतं?"

भीमाशंकरनं तो छापील फोटो घेतला आणि सगळ्यांसमोर फाडला, आधी उभा, मग आडवा. चार लोकांत शोभा नको म्हणाला. महिन्याभरानं कॅमेरा आणि त्यातलं कार्ड कुणाच्या तरी हाती सोलापूरला आलं, पुढच्या कार्याला लागणार म्हणून. दानेश्वरीनं उघडून बघितलं. एक्केचाळीस फोटो जागच्या जागी होते. तिचा नव्हता. धनलक्ष्मीचा हसरासुद्धा नव्हता. स्टुडिओवाल्याकडून नीट बघून पुसून घेतले होते. पाच फोटो तिनं आपल्या हातानं घालवले, सहावा भावानं. पाचांचा राग कुणावर काढायचा ते तिला कळेना, म्हणून ती सहाव्यावरच रडली.

वर्षाच्या कार्याला बोलावणं आलं. "कॅमेरा आन," हेही आलं. ती गेली. दुधनीच्या घरात शिरताच समोरच्या भिंतीवर हातभर उंचीची चौकट, चंदनाचा हार, खाली समई. चंद्रव्वा. शांत चेहरा, सरळ मान, गालावर तिरपा उजेड. दानेश्वरीनं पिशवी खाली ठेवली आणि जवळ जाऊन उभी राहिली. तो उजेड तिच्या ओळखीचा होता. तिच्या खिडकीचा होता तो.

"लई छान आलाय न्हवं आत्तींचा?" मागून धनलक्ष्मी म्हणाली. "एवढ्या सगळ्यांत तोच एक नीट आल्ता. मोठा करून घेतला."

तोच फोटो होता, पुसायच्या आधी स्टुडिओत उतरवून घेतलेला; त्यातून दानेश्वरीला काढून टाकली होती. तिच्या जागी स्टुडिओवाल्यानं निळं आभाळ भरलं होतं. पण खांद्याजवळ गडी अडला असावा. पदराच्या काठाची नक्षी बिघडली असती, म्हणून त्यानं तेवढं तसंच सोडलं होतं. चंद्रव्वाच्या खांद्यावर चार बोटं राहिली होती. त्यातलं एक सुईनं टोचून टोचून काळं पडलेलं. वर्षभर ती चौकट त्या भिंतीवर होती, रोज हार घातला जात होता, आणि घरात कुणाला दिसलं नव्हतं.

जेवणं झाली. चौकटीखाली सतरंजी अंथरली गेली, मंडळी बसली, मागं उभी राहिली. नातवाला मांडीवर घेऊन भीमाशंकर मधोमध. "दानव्वा, तूच काढ," तो म्हणाला. "तुला जमतंय."

दानेश्वरीनं कॅमेरा काढला. घड्याळाचं बटण दाबलं, तिसरी खूण निवडली, ह्या वेळी नीट बघून. कॅमेरा समोरच्या टेबलावर ठेवला आणि हात मागं घेतले.

"आता काय करायचं?" भीमाशंकरनं विचारलं.

"काय न्हाई. हाईत तसं बसा."

कॅमेऱ्याला फार वाट बघावी लागली नाही. पोरगं काहीतरी बरळलं, सगळे हसले, कॅमेरा वाजला. त्याच्या आवाजाचंच पोराला हसू आलं, त्याच्या हसण्याचं बाकीच्यांना. पुन्हा वाजला. पुन्हा. चंद्रव्वाच्या खाली सगळ्यांचे दात, आणि कॅमेरा वाजतोय, वाजतोय. कुणाच्या काही ध्यानात येत नव्हतं. एकट्या नागव्वाचं लक्ष तिच्याकडं गेलं. तिचं मन तसं वाईट नव्हतं.

"तूबी ये की गं," ती म्हणाली. "एकात तरी बस."

"मी हाय की त्यात, मावशी," दानेश्वरी म्हणाली. "वर बघा. अव्वाच्या खांद्यावर."

सगळ्यांनी माना वळवून वर बघितलं. आधी नागव्वाला दिसलं, मग जावयाला, मग एकेकाला. धनलक्ष्मीनं पदर तोंडाला लावला. भीमाशंकर नातवाला मांडीवर घेऊन तसाच मान वर करून बसला होता, आणि त्याला खाली बघता येईना.

कॅमेरा वाजायचा थांबला. लाल दिवा तेवढा चालू होता. दानेश्वरीनं पिशवी उचलली. कॅमेरा तिनं टेबलावरच ठेवला, तो त्यांचाच होता. सोलापूरची गाडी साडेतीनला होती.